सोफा रिपेअर किट आणि सासऱ्यांची खुर्ची : किटला २ स्टार, चुकांना ५

आधी निकाल सांगून टाकते, कारण मी स्वतः रिव्ह्यू वाचताना शेवटपर्यंत स्क्रोल करून वैतागते. ऑनलाइन मिळतं ते लाल डब्यातलं सोफा रिपेअर किट, मला १७४९ ला पडलं, ते जुन्या सागवानी खुर्चीसाठी घेऊ नका. प्लायवूडचा सोफा आहे, खालून कापड सुटलंय, दहा-बारा पिना मारायच्यात, एवढंच असेल तर घ्या, काम होईल. मी ज्यासाठी घेतलं त्यासाठी २ स्टार, आणि त्यातला एक नुसता पिना उपटायच्या चिमट्याला आहे.

आता सविस्तर.

खुर्ची सासऱ्यांची. हातवाली, जाड सागवानाची, स्प्रिंगची सीट. गिरगावातल्या चाळीत असताना घेतलेली, आईंच्या म्हणण्याप्रमाणे (आई म्हणजे सासूबाई) ६८ की ६९ साली, आणि डोंबिवलीला आले तेव्हा टेम्पोत सगळ्यात वर हीच बांधली होती म्हणे. गेली पाचसहा वर्षं तिच्यावर बसलं की माणूस डावीकडे कलायचा, वरचं मरून रेक्झिन सोलून सोलून कपड्यांना चिकटायचं, नवरा दर दिवाळीला "या वर्षी हिला काढू" म्हणायचा आणि आई दर दिवाळीला तिच्यावर बसून चकल्या मोजायच्या, विषय संपला.

स्टेशनजवळ एक सोफावाले काका आहेत, छोटासा गाळा, त्यांनी बघून ६५०० सांगितले, कापडासकट. मला तेव्हा ते जास्त वाटले. मोबाइलवर बारा मिनिटांचा व्हिडिओ बघितला होता ना मी, त्यात ती बाई एकटी, पांढऱ्याशुभ्र टीशर्टवर, एकही डाग न पडता खुर्ची करून मोकळी होते. म्हटलं आपण का नाही.

किटमध्ये काय येतं ते सांगते. हाताने दाबायची स्टेपल गन, पिनांची डबी, चिमटा, तीन वाकड्या सुया, पाच मीटर पट्टा, दहा बटणं, गोंदाची एक ट्यूब आणि एक कागद ज्यावरच्या चित्रात काय चाललंय ते मला आजही कळलेलं नाही. डबा दिसतो छान. आईंनी लगेच विचारलं रिकामा झाला की मला देशील का.

काढायचं काम पहिल्या रविवारी सुरू केलं आणि मला वाटलं दुपारपर्यंत होईल, तर ते दोन रविवार पुरलं. वरचं रेक्झिन, त्याच्याखाली कापूस, त्याच्याखाली पहिलं हिरवं कापड, म्हणजे मागच्या वेळी करणाऱ्याने जुनं काढलंच नव्हतं, वरूनच ठोकलं होतं. त्याच्याखाली नारळाचा काथ्या, मग गोणपाट, मग स्प्रिंगा. आणि प्रत्येक थराला वेगळ्या चुका. चुका म्हणजे त्या छोट्या काळपट खिळ्यांना म्हणतेय, टोकदार, चपट्या डोक्याच्या. आमचा मुलगा इंग्लिश मीडियमचा, त्याला "चुका वेच" म्हटलं तर तो गणिताची वही घेऊन आला. चारशे सात निघाल्या, मोजल्या त्यानेच. इथे तो चिमटा खरंच कामाला आला, दात चपटे आहेत, डोक्याखाली बरोबर सरकतो, लाकडाला ओरखडा कमी येतो. एक स्टार इथेच दिला.

हे काम गॅलरीतच करा आणि मास्क लावून. पन्नास वर्षांचा काथ्या म्हणजे नुसती पिठी झालेली असते, मी पहिल्या दिवशी ओढणी बांधून केलं आणि मग तीन दिवस शिंकत होते, शिवाय खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर काय काय पडलं ते त्यांनी वर येऊन दाखवलं.

सीट आणि पाठ जिथे मिळते तिथल्या फटीतून एक हेअरपिन, अर्धी सुपारी आणि वीस पैशांचं ते पिवळं कमळवालं नाणं निघालं, १९७० चं. आईंनी नाणं चिंचेने घासून देव्हाऱ्यात ठेवलं. सुपारी कुणाची यावर मात्र बोलायला तयार नाहीत.

जुनं कापड फाडून फेकू नका हं, हे मला काकांनी आधीच सांगितलं होतं (गिऱ्हाईक हातचं गेलं तरी माणूस फुकट सल्ला देतो, म्हणून मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही). प्रत्येक तुकडा अख्खा काढायचा, उलट्या बाजूला खडूने लिहायचं, सीट, पाठ आतली, पाठ बाहेरची, डावा हात, वरची बाजू कुठली, आणि तेच माप धरून नवं कापड बेतायचं. मी सगळं लिहिलं, वरची बाजू सोडून. त्याचं पुढे येईलच.

आता स्प्रिंगा. नऊ होत्या, तीन बाय तीन, डमरूच्या आकाराच्या, आणि गंमत म्हणजे नऊच्या नऊ चांगल्या. खुर्ची कलत होती ती स्प्रिंगेमुळे नाही, खालचे पट्टे तुटलेले आणि बांधलेली सुतळी कुजलेली म्हणून. म्हणजे कुणी सांगितलं "स्प्रिंगा गेल्या, काढून नुसता फोम टाकू" तर आधी खुर्ची उलटी करून स्वतः बघा.

किटमधला पट्टा इथे साफ नापास. तो इलॅस्टिकचा आहे. तो ताणून मारायचा आणि त्याच्यावर थेट फोम ठेवायचा, अशा सोफ्यांसाठी ठीक आहे, पण उभ्या स्प्रिंगांखाली ताणणारा पट्टा घातला तर स्प्रिंग दबायच्या ऐवजी पट्टाच खाली जातो. मी घातला. बसले. आणि जमिनीच्या दिशेने गेले. तिथे सुती नवार लागते, पलंगाची असते तीच, किंवा तागाचा पट्टा, उभा-आडवा खालीवर विणून. ताणायला आईंचं जुनं लाटणं वापरलं, नवारीचं टोक लाटण्याला दोन वेढे देऊन चौकटीच्या कडेवर टेकवून खाली दाबायचं, नवार तबल्यासारखी वाजली पाहिजे, मग ठोकायचं. नवीन लाटणं आणून दिलंय त्यांना, ते खर्चात धरलेलं नाही.

मग स्प्रिंगा नवारीला दाभणाने शिवायच्या आणि वरून सुतळीने बांधायच्या, पुढेमागे, आडवं आणि दोन्ही तिरके, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगला आठ बाजूंनी ओढ बसते आणि ती वाकडी जात नाही. लिहायला एक ओळ, करायला अख्खा रविवार. पहिल्यांदा मी प्रत्येक गाठ सैल ठेवली, दुसऱ्यांदा इतकी घट्ट की स्प्रिंगा दबून अर्ध्या झाल्या, तिसऱ्यांदा नवऱ्याला स्प्रिंग दाबून धरायला बसवलं आणि मग जमलं. आमच्यात त्या दिवशी फारसं बोलणं झालं नाही पण स्प्रिंगा सरळ आहेत.

फोम आणि कापडासाठी उल्हासनगरला गेले. डोंबिवली-कल्याण पट्ट्यातल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं तेच हे उल्हासनगर, म्हणून अजून पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतात. तिथे फर्निचर बाजार आहे आणि जिथे फर्निचर बनतं तिथे त्याचं आतलं सामानही मिळतंच. कापडाला जपानी बाजार, गजानन मार्केट फिरा, पण साडी-ड्रेसच्या गल्लीत अडकू नका, मी अडकले, दोन कुर्ते झाले.

कापडाबद्दल एकच, दुकानदार पडद्याचं कापड "सोफ्याला पण चालतं मॅडम" म्हणून दाखवतो, नाही चालत. सोफ्याचं कापड जाड असतं, पन्हा ५४ इंच, आणि सॅम्पल बुकात तुकड्याच्या मागे घासण्याचा आकडा छापलेला असतो, मार्टिनडेल म्हणून, रोज बसायच्या खुर्चीला तो २० हजारांच्या पुढे बघा. रेक्झिन पुन्हा घ्यायचं नाही हे माझं ठरलेलं. आजकाल लेदरेट म्हणून जे पीयूचं विकतात ते आपल्या दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सोडतं, आमचं मरून तर जुनं, त्याला माफ आहे. मी मोरपंखी मखमलीसारखं घेतलं, ४६० रुपये मीटर, साडेतीन मीटर. एका खुर्चीला साडेतीन ऐकून नवरा दचकला, पण बाहेरची पाठ, हातांची गादी, पायपिंगच्या (शिवणीवर दोरीसारखी कड येते ना, तिच्या) तिरक्या पट्ट्या धरल्या तर लागतंच.

फोमची गोष्ट मात्र नीट ऐका. दुकानात सांगितलं २२ बाय २२, चार इंच, ४० डेन्सिटी द्या. त्यांनी कापून दिला, ९०० रुपये, अंगठ्याने दाबून दाखवला, "बघा मॅडम किती टाइट". मी पण दाबला. टाइट होता. घेऊन मालडब्यात चढले, बायकांच्या डब्यात हे धूड घेऊन कोण चढू देणार, तिथे दोन मासेवाल्या मावशी रिकाम्या पाट्या घेऊन परत चाललेल्या, त्यातली एक म्हणाली काय गं गादी काय, बसू का, मी म्हटलं बसा. ती बसली, दोन स्टेशनं, उठली आणि म्हणाली, "मऊ हाय पन बसतंय गं खाली." मी हसले. घरी आल्यावर शंका आली म्हणून वाण्याच्या काट्यावर ठेवला, ८५० ग्रॅम.

आता हिशोब बघा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन, बाकी काही नाही. माझा तुकडा घनमीटरमध्ये साधारण ०.०३२ भरतो. ४० डेन्सिटीचा असता तर वजन सव्वा किलोच्या आसपास हवं. ८५० ग्रॅम म्हणजे २७ची डेन्सिटी झाली. टाइट लागणं वेगळं आणि डेन्सिटी वेगळी, हलका फोमसुद्धा कडक बनवता येतो, तो अंगठ्याला फसवतो आणि वर्षभरात खड्डा पडतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला कापलेला माल परत नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तुम्ही जाल तिथे आधी काट्यावर ठेवायला सांगा, लांबी-रुंदी-जाडी मोबाइलवर गुणा, त्याच्यासमोर. दुसऱ्या दुकानात मी तेच केलं, तर त्याने न बोलता पहिला बाजूला ठेवून आतून दुसरा गठ्ठा आणला. १३५० घेतले पण वजन बरोबर भरलं. पहिल्या फोमवर आता मांजर झोपतं.

चिकटवायला किटमधली ट्यूब काढली, ती वाळून काचेसारखी कडक झाली, बसलं की कट कट. सुतारकामाचं पांढरं फेविकॉलही फोमला उपयोगाचं नाही, तेही कडक होतं. रबराचं सोल्युशन लागतं, मी फेविकॉलचंच एसआर ९९८ आणलं. दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग एकदाच दाबा, सरकवायला दुसरी संधी मिळत नाही. वास भयंकर आणि ते पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. माझी कढी त्या दिवशी अर्धीच राहिली.

आणि आता मेन हिरो, स्टेपल गन. पहिली पिन मारली, खट्. वाकली. दुसरी, खट्, अर्धी आत अर्धी बाहेर. तिसरी उडून फ्रिजखाली गेली. दहातल्या तीन नीट बसायच्या. मला वाटलं माझ्या हातात जोर नाही, नवऱ्याला दिली, त्याच्याही दहातल्या चारच बसल्या. पन्नास वर्षं वाळलेलं सागवान म्हणजे दगड झालेला असतो आणि किटमधल्या पिना ६ एमएमच्या, लिहिलंय ८, मी पट्टीने मोजल्या. त्यात कापडाची घडी दोन-तीन पदरी, म्हणजे लाकडात जाणार किती, तर नखाएवढं. संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या खालचा भाग सुजला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात माऊस धरवेना. कंपनीला मेल केला. उत्तर आलं, पिनांची डबी उघडली असल्याने परत घेता येणार नाही. अरे डबी उघडल्याशिवाय कळणार कसं?

मग पुन्हा काकांच्या गाळ्यावर. ते तोंडात मूठभर चुका धरून काम करत होते, जिभेने एक एक पुढे आणायची, हातोडीच्या लोहचुंबकवाल्या टोकाला लावायची, टक, फिरवून दुसऱ्या टोकाने टक, झालं. आणि हे सगळं करता करता माझ्याशी बोलतही होते. मी किट दाखवलं तर चुका बाजूच्या वाटीत काढल्या आणि म्हणाले, "ताई, हे खेळणं आहे. सागाला एकतर हवेची गन, नाहीतर चुका. आधी अर्ध्याच ठोकायच्या, मनासारखं बसलं की मग पुऱ्या." म्हटलं काका, पण तोंडात धरायच्या? म्हणाले तुम्ही वाटीतच धरा.

हार्डवेअरवाल्याकडून अर्ध्या इंचाच्या पाव किलो चुका आणल्या. आणि काय सांगू, जो फरक पडला! अर्धी ठोकलेली चूक उपटता येते. पिन एकदा वाकडी गेली की कापडाला दोन भोकं पाडूनच निघते. चुकेच्या बाबतीत कापड ओढा, बघा, सुरकुती आली, काढा, पुन्हा ओढा. पुढच्या कडेला मधोमध एक, मग बरोबर समोर मागे एक, मग दोन्ही बाजूंना मधोमध, आणि तिथून कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपरे सगळ्यात शेवटी. मी पहिल्यांदा एका कोपऱ्यातून सुरुवात करून सरळ ठोकत गेले होते, उशीला खोळ घालतो तसं, दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत सगळी मखमल तिरकी. उपटली, पुन्हा केली. जुन्या भोकांत चूक सैल बसते, तिथे आगपेटीच्या काड्या पांढऱ्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकायच्या आणि वाळल्यावर बरोबरीने कापायच्या, हेही काकांचंच.

किटमधल्या वाकड्या सुया, हां, त्या चांगल्या आहेत, दुसरा स्टार त्यांना. बाहेरची पाठ बंद करताना आत हात जात नाही, सरळ दाभण तिथे चालतच नाही, ही सुई चंद्रकोरीसारखी फिरून बाहेर येते. पण सुया सुट्या घेतल्या तर एवढे पैसे लागत नाहीत ना.

पायपिंग मी घरच्या मशीनवर करणार होते. १८ नंबरची सुई लावली, चार पदर खाली घातले, मशीन घूं करून थांबलं, दुसऱ्यांदा सुई तुटली. शेवटी काकांकडे दिलं, त्यांच्या मोठ्या मशीनवर वीस मिनिटांत झालं, ४०० रुपये घेतले, आणि वर विचारलं, "ताई, सीटचं कापड उलटं बेतलंय, मुद्दाम?" मखमलीला लव असते, वरून खाली हात फिरवला की एक रंग, खालून वर फिरवला की दुसरा. सीट आणि पाठ उलटसुलट बेतल्यामुळे पाठ मोरपंखी दिसते आणि सीट जवळजवळ हिरवी. वरची बाजू लिहायची राहिली होती ती ही. पाहुण्यांना सांगते टू-टोन आहे.

पॉलिश थोडक्यात सांगते. जुनं घासून काढलं, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, वरून स्पिरिटमध्ये भिजवलेली चपडा लाख, फडक्याच्या बोळ्याने. फक्त जूनच्या शेवटी केलं हा मूर्खपणा. हवेत ओल असली की लाखेवर पांढरट धूर चढतो. दोन दिवस उघडीप मिळाल्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला, बराचसा गेला, एका पायावर अजून आहे, तो भिंतीकडे केलाय.

पैशाचा हिशोब नवऱ्याने एक्सेलमध्ये केला, मी सांगितलं नव्हतं. किट १७४९, दोन फोम मिळून २२५०, कापड १६१०, नवार-सुतळी-गोणपाट-चुका ५२०, सोल्युशन आणि पॉलिशचं सामान ६४०, पायपिंग ४००. एकूण ७१६९. काकांनी सांगितले होते ६५००. कुर्ते त्याने वेगळ्या शीटवर लिहिलेत.

किट सोडून आणि पहिला फोम सोडून हेच ४५२० मध्ये झालं असतं, त्यामुळे घरी करूच नका असं मी म्हणणार नाही. काढणं, नवार, स्प्रिंगा, फोम, ठोकणं घरी करा. पायपिंग बाहेर द्या. एक चांगली हातोडी, वाकडी सुई, चिमटा आणि पाव किलो चुका सुट्या घ्या. लाल डबा नको.

आणि खुर्ची उलटी करायच्या आधी सीटची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा. मी मोजली नाही. स्प्रिंगा पुन्हा ताठ झाल्या, वर चार इंच फोम, खुर्ची चांगली तीन बोटं उंच झालीय. आई बसल्या, हातांवरून हात फिरवला, मागे टेकून बघितलं, म्हणाल्या झकास झालीय गं, आणि मग त्यांनी खाली बघितलं, पाय टेकत नव्हते. सध्या खाली पाट ठेवलाय. पुढच्या रविवारी दोन इंचाचा फोम आणायला उल्हासनगर, काटा घेऊन.